४५० पैकी ९२

ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज भरायचा ठरवलं तेव्हा मला धाकधूक होती ती परीक्षेची आणि पैशांची. प्रत्यक्षात घाम काढला तो एका साध्या तक्त्याने. गेल्या पाच वर्षांत तुम्ही देशाबाहेर कधी गेलात, परत कधी आलात, कुठे आणि कशासाठी. चार रकाने, बस्स.

मी मूळची मिरजेची. लेस्टरमधल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. ९ फेब्रुवारी २०१८ला वर्क व्हिसावर आले. पाच वर्षं झाली की मुदतीची अट नसलेला राहण्याचा परवाना मिळतो. इथे त्याला आयएलआर म्हणतात, आपली मंडळी सरसकट पीआर म्हणतात. तो हातात आला की आणखी एक वर्ष थांबायचं आणि मग नागरिकत्वाचा अर्ज. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी किमान सहा वर्षांचं प्रकरण.

परीक्षा आयएलआरच्या आधी द्यावी लागते. 'लाइफ इन द यूके' असं तिचं नाव, फी ५० पौंड, ४५ मिनिटांत २४ प्रश्न, त्यातले १८ बरोबर यायला हवेत. एकदा पास झालात की तोच निकाल पुढे नागरिकत्वालाही चालतो. सरकारी पुस्तक आणून मी रात्रपाळीच्या मधल्या वेळात वाचायचे. आठव्या हेन्रीच्या सहा बायका क्रमाने पाठ करताना बारावीची आठवण यायची. पण त्यातच पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद भेटले, ज्यांनी १८१०मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्तानी जेवणाचं हॉटेल काढलं आणि इंग्रजांना चंपी करून घ्यायला शिकवलं. १४८५ची बॉसवर्थची लढाई मात्र पाठ करावी लागली नाही. त्या लढाईत पडलेला राजा तिसरा रिचर्ड २०१२मध्ये आमच्या लेस्टरमध्येच एका कार पार्कखाली सापडला, आणि आता त्याचं थडगं माझ्या बसच्या रस्त्यावर आहे. परीक्षेच्या दिवशी खिसे उलटे करून दाखवायला लावले, बाह्या वर करायला लावल्या, कानात काही घातलंय का तेही बघितलं. आमच्या बोर्डाच्या परीक्षेत एवढं केलं असतं तर निम्मी शाळा बाहेर बसली असती. मी पास झाले. किती गुण मिळाले ते कोणी विचारू नये.

पैशांबद्दल थोडक्यात. आयएलआरची फी तेव्हा, म्हणजे २०२३च्या सुरुवातीला, २,४०४ पौंड होती. अडीच लाख रुपयांच्या आसपास. शिवाय निर्णय दुसऱ्या कामाच्या दिवशी हवा असेल तर आणखी ८०० पौंड. मी ते भरले, कारण अर्ज विचाराधीन असताना देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्जच मागे घेतल्यासारखा धरतात, आणि सहा महिने घरी जायचं नाही हा विचार मला आता सहन होणार नव्हता. का, ते पुढे येईलच. बाबांना मी आकडा सांगितला नाही. आईला सांगितला, आणि तिने तो संध्याकाळी बाबांना सांगितला.

आता तो तक्ता.

नियम असा: अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत ब्रिटनबाहेर ४५० दिवसांपेक्षा जास्त काढलेले नसावेत, आणि शेवटच्या १२ महिन्यांत ९० दिवसांपेक्षा जास्त नाही. निघाल्याचा दिवस आणि पोचल्याचा दिवस धरत नाहीत, मधले पूर्ण दिवसच मोजतात. सोपं वाटतं. मीही एका रविवारी चहा घेऊन बसले, म्हटलं अर्ध्या तासात उरकेल.

पहिली अडचण ही की ब्रिटनमधून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारतच नाहीत. त्यामुळे मी ब्रिटनबाहेर किती दिवस होते याचा पुरावा मुंबई विमानतळावरच्या शिक्क्यांत शोधायचा. त्यातला एक शिक्का माझ्याच हलगर्जीपणाने गेला होता. २०२२च्या जुलैत विमानतळाबाहेर गाडी शोधता शोधता पर्स चिंब झाली, आणि ओला पासपोर्ट मी तसाच मिटून ठेवला. जांभळा डाग तेवढा उरला होता, तारीख नव्हती. ईमेलमध्ये तिकिटं शोधली, तर त्या वेळचं तिकीट दोनदा बदललेलं आणि नेमकं शेवटचं सापडेना.

मी आईला फोन केला. म्हटलं, मी त्या पावसाळ्यात नक्की कधी आले होते गं? ती म्हणाली, "थांब, कालनिर्णय बघते."

आमच्याकडे जुनी कालनिर्णयं टाकत नाहीत, फडताळात कागद म्हणून घालतात. आईने तांदळाचे डबे काढून २०२२चं बाहेर ओढलं. त्यावर रोजच्या दुधाचा हिशेब. एरवी अर्धा लिटर. ९ जुलैपासून एक लिटर. २७ जुलैपर्यंत एक लिटर, २८ला परत अर्धा. "म्हणजे नऊला आलीस आणि अठ्ठावीसला पहाटे गेलीस," आई म्हणाली. दोन दिवसांनी ते हरवलेलं तिकीट स्पॅममध्ये सापडलं. लेस्टरहून आठ जुलैला निघाले होते, मुंबईत नऊला उतरले होते. दुधाचा हिशेब बरोबर होता.

मग तिने आपणहून बाकीची वर्षंही काढली. २०१९च्या डिसेंबरात एक लिटर. २०२१च्या डिसेंबरात एक लिटर, महिनाभर. २०२३च्या नोव्हेंबरात पंधरा-सोळा दिवस. मधली पानं ती उलटत गेली आणि गप्प झाली. मीही गप्प होते. २०२० अख्खं अर्धा लिटर. २०२१ डिसेंबरपर्यंत अर्धा लिटर.

मे २०२१मध्ये आजी गेली. कोविडमुळे २३ एप्रिलपासून भारत ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे प्रवासावर कडक निर्बंध असलेल्या देशांत होता. गेले असते तर परत येताना दहा दिवस सरकारने ठरवलेल्या हॉटेलात आणि त्याचे १,७५० पौंड, तेही विमान मिळालं तर. वॉर्डात माणसं कमी होती. मी गेले नाही. आजीचं शेवटचं दर्शन चुलत भावाने मोबाइलवर करवलं, तेही नीट दिसलं नाही, कारण त्याचा हात थरथरत होता. तक्त्याच्या हिशेबाने मात्र ही दोन वर्षं माझी सगळ्यात चांगली वर्षं. बाहेर काढलेले दिवस शून्य.

सगळी बेरीज झाली ती अशी: मिरजेच्या चार खेपा मिळून ८९ दिवस, मैत्रिणींबरोबर ॲमस्टरडॅमला तीन. एकूण ९२. ४५० ओलांडते की काय म्हणून मी दोन रात्री झोपले नव्हते, आणि पाच वर्षांत मी घरी काढलेले दिवस तीन महिनेसुद्धा भरत नव्हते.

दुसरा अडथळा याच तक्त्यात दडलेला होता आणि तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो, म्हणून नीट सांगते. अर्ज ज्या तारखेला कराल, त्याच्या बरोबर पाच वर्षं आधी त्या दिवशी तुम्ही प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये असायला हवं. मी १ मार्च २०२४ ही तारीख धरली होती. २०१९च्या १ मार्चला मी कुठे होते? सांगलीत, चुलत भावाच्या लग्नाच्या गडबडीत, हातावरची मेंदी अजून ओली. (तोच भाऊ, मोबाइलवाला.) त्या खेपेची परतीची तारीख शोधायला मात्र वेळ लागला नाही. १७ मार्च. पाकिस्तानची हवाई हद्द तेव्हा बंद होती आणि विमान लांबचा वळसा घालून आलं होतं, त्यामुळे शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी मला कोल्हापूर संस्थानचा पूर्ण इतिहास सांगितला होता. म्हणजे तीन आठवडे थांबणं आलं. एप्रिल आला की इथे फी वाढायची भीती असते, म्हणून २२ मार्चला रात्री अकरा वाजता मी बटण दाबलं. फी दीड हजार पौंडांच्या वर.

बाकीच्या फॉर्ममधलं आठवतं ते इतकंच. आई-वडिलांच्या जन्मतारखा विचारतात. बाबांची १ जून. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाबांची १ जूनच आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती लावली. खरी तारीख आजीला माहीत होती, 'आषाढात, वारी निघाली त्या आठवड्यात' एवढी. आईचं माहेरचं नाव वेगळं आणि सासरचं वेगळं, आडनावच नव्हे, नावसुद्धा. मग 'तुम्ही कधी नरसंहारात भाग घेतला आहे का', 'दहशतवादाला मदत केली आहे का' असे प्रश्न, ज्यांना 'नाही'वर टिचकी मारतानाही उगीच छाती धडधडते. आणि तुम्हाला तीन वर्षं ओळखणारे, नात्यातले नसलेले दोन जण हमीदार म्हणून लागतात. कोणत्या व्यवसायातली माणसं चालतील त्याच्या यादीत शिक्षक आहेत, पबचा परवानाधारक आहे आणि अंत्यविधी करून देणारेही आहेत. माझ्याकडे एक सहकारी डॉक्टर आणि समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका होत्या. बाईंनी माझा फोटो चष्मा लावून तपासला आणि म्हणाल्या, केस तेव्हा बरे होते.

जूनच्या शेवटी मंजुरी आली, जुलैच्या शेवटी टाउन हॉलमध्ये समारंभ. देवाची शपथ घ्यायची की नुसतं प्रतिज्ञापूर्वक सांगायचं, हे आधी निवडायचं असतं. मी देवाची घेतली. कोणत्या देवाची ते कोणी विचारलं नाही, मनात गणपती होता. राजाचं नाव घेतलं, राष्ट्रगीत झालं, प्रमाणपत्र हातात आलं. शेजारी एक सोमाली बाई लेकराला कडेवर घेऊन शपथ घेत होती आणि लेकरू माइक ओढत होतं. पेढे मी घरून नेले होते, ते तिलाच दिले.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या क्षणी ते प्रमाणपत्र मिळतं, त्या क्षणी तुमचा भारतीय पासपोर्ट वापरण्याजोगा राहत नाही. भारताच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ असं आहे की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं. तेव्हा, २०२४मध्ये, इथलं निवासाचं कार्डही लगेच परत पाठवावं लागायचं. आणि ब्रिटिश पासपोर्ट यायला काही आठवडे. त्या मधल्या काळात घरून काही बरं-वाईट कळलं तर विमानात बसायला तुमच्याकडे काहीच नसतं. म्हणून आई-वडिलांची तब्येत नाजूक असेल तर समारंभाची तारीख विचार करून घ्या. मंजुरीनंतर तीन महिन्यांत कधीही घेता येते, घाई नसते.

पासपोर्ट ऑगस्टअखेर आला. जन्मस्थळ: मिरज. त्यानंतर जुना पासपोर्ट भारतीय यंत्रणेकडे जमा करायचा, तो रद्द होऊन सरेंडर सर्टिफिकेटसह परत येतो, आणि ते असल्याशिवाय ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारतात येण्या-राहण्यासाठी मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज पुढे सरकत नाही. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, हे मला घरी चार वेळा समजवावं लागलं. मतदान नाही, निवडणूक नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सातबाऱ्यावर नाव लागेल का?" वारसा हक्काने लागतं. विकत घेता येत नाही, वारशाने येतं. ते "हं" म्हणाले, आणि मग बराच वेळ शेजारच्या विहिरीच्या वादाबद्दल बोलत राहिले.

दिवाळीपर्यंत ओसीआय होणं शक्य नव्हतं, म्हणून ई-व्हिसा काढला. माझ्या मते अख्ख्या प्रवासातला सगळ्यात विचित्र फॉर्म हाच. शरीरावरची ओळखीची खूण. धर्म. 'तुम्ही यापूर्वी भारताला भेट दिली आहे का?' हो म्हटलं तर मागच्या भारतीय व्हिसाचा नंबर मागतात. भारतातल्या संदर्भ व्यक्तीचं नाव, पत्ता, फोन: आईचं टाकलं. तिला म्हटलं, सरकारचा फोन आला तर मी चांगली मुलगी आहे म्हणून सांग. ती म्हणाली, आधी ये, मग बघू.

२६ ऑक्टोबरला मुंबईत उतरले. सवयीने भारतीय पासपोर्टवाल्यांच्या रांगेत शिरले, दहा मिनिटांनी लक्षात आलं, बॅगा ओढत ई-व्हिसाच्या काउंटरला गेले. बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला. अधिकाऱ्यांनी पासपोर्टवरचं जन्मस्थळ वाचलं आणि मराठीत विचारलं, "मिरजेत कुठं?"

"किल्ला भागात."

"माझी सासुरवाडी तिथलीच," ते म्हणाले आणि कोऱ्या पानावर शिक्का मारला. मी तो पासपोर्ट लगेच मिटला नाही. बॅगांच्या पट्ट्यापर्यंत तसाच उघडा धरून नेला, शाई वाळेपर्यंत.