कूस बदलायची वेळ

मंगळवार, रात्र

आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, जाऊन महिना होत आला तरी रात्री दोनला जाग येतेच. मॉर्फिनसाठी नाही. ती दुखणं शमवणारी गोळी दर चार तासांनी असली तरी रात्री दहाला दुप्पट डोस द्यायचा, म्हणजे मधे उठवावं लागत नाही, असं डॉक्टरांनीच बसवून दिलं होतं. जाग येते ती कूस बदलायला. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी वळवायचं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, गुडघ्यांमध्ये उशी, आणि टाच गादीवर घासत नाही ना ते चाचपून बघायचं.

शेजारच्या काकू आज म्हणाल्या, "आता तरी झोप मिळत असेल." आई गेल्या त्या सकाळी मला आधी मोकळंच वाटलं होतं. रडू दुपारी आलं, औषधांचा डबा आवरताना. ज्यांनी कोणाचं शेवटपर्यंत केलंय त्यांना ही दोन्ही एकत्र येतात हे माहीत असतं.

घरात सर्वांत जास्त वाद जेवणावरून झाले. नणंद विरारहून मुगाचं कढण घेऊन यायची आणि आई तोंड मिटून घ्यायच्या. "निदान सलाईन तरी लावा, उपाशी कसं ठेवायचं?" घरी येणाऱ्या पॅलिएटिव्ह टीमच्या, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या टीमच्या, सिस्टरनी तिला जवळ बसवून सांगितलं, "जेवत नाहीत म्हणून त्या चालल्या नाहीयेत ताई, जायची वेळ आलीय म्हणून जेवण नकोसं झालंय." थकलेल्या शरीरात सलाईन भरलं तर अंगावर सूज येते, छातीत घरघर वाढते. मग सिस्टरनी तिच्या हातात ओला बोळा दिला. ती नारळपाण्यात बुडवून कितीतरी वेळ आईंच्या ओठांवरून फिरवत राहिली.

राग एका गोष्टीचा आहे. एका मोठ्या डॉक्टरांनी "आता करण्यासारखं काही नाही" म्हणून आम्हाला घरी पाठवलं होतं. करण्यासारखं किती होतं! शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना सांभाळणारं वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये पॅलिएटिव्हचा स्वतंत्र विभाग आहे, मॉर्फिनचे कायदे २०१४ मध्ये सैल झाले. हे सगळं आम्हाला ओळखीतून, उशिरा कळलं. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला कोणते डॉक्टर देतील हे आधीच विचारून ठेवा, हेही सिस्टरनीच सांगितलं, म्हणून त्या दिवशी धावपळ झाली नाही.

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. मला वाटलं एअर बेडबद्दल असेल. पण त्या माझीच चौकशी करत होत्या, जेवतेस का, झोपतेस का, घरात कोण बोलतं. ह्यांचं नीट सांगता आलं नाही. कामावरून आले की कॉटजवळ खुर्ची ओढून पेपर वाचतात, कॉट काढू या म्हटलं की विषय बदलतात. "राहू दे की मग," सिस्टर म्हणाल्या.

नणंद मात्र अजून म्हणते, आई उपाशी गेली. शनिवारी ती येतेय. ओठ ओले करायला तीच बसली होती, आणि आईंनी जीभ फिरवून ते पाणी चाखलं होतं, हे तिला पुन्हा सांगणार आहे. लागेल तितक्या वेळा.