घरातली पॉलिशची खोली, कमी खर्चात : बडोद्यातला माझा अनुभव

सुतारकाम चालतं तिथेच पॉलिश करू नये. पॉलिश पेपरचा बारीक भुसा तासन्‌तास हवेत तरंगतो आणि नेमका ओल्या थरावर बसतो. म्हणून मागची १० × ८ फुटांची, ९ फूट उंच खोली मी फक्त पॉलिशसाठी मोकळी केली.

पैसे मोजके असतील तर आधी पॉलिश ठरवावं, मग खोली. मी दोनच प्रकार ठेवले: स्पिरिटमधला चपडा (शुद्ध केलेली लाख, म्हणजे शेलॅक) फडक्याने, आणि वॉटर-बेस्ड पीयू (पाण्यातलं पॉलियुरेथेन) ब्रशने किंवा फवारणीच्या गनने. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर किंवा मेलामाइन या थिनरवाल्या पॉलिशची फवारणी घरात करायचीच नाही. थिनरची वाफ पेट घेते आणि साध्या एक्झॉस्ट पंख्याची मोटर त्याच झोतात असते. टू-पॅक पीयूच्या, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या पीयूच्या, हार्डनरमधलं आयसोसायनेट हे घातक रसायन धुळीच्या मास्कने अडत नाही, म्हणून तेही बाद.

खरा खर्च हवेवर करावा. खोलीचं आकारमान ७२० घनफूट, म्हणजे सुमारे २० घनमीटर. पंखा ताशी १२०० घनमीटर हवा ओढणारा असेल, तर हिशेबाने मिनिटाला एकदा हवा बदलते. प्रत्यक्षात कमीच, कारण पात्यांच्या पंख्याला अडथळा सोसत नाही. हवा आत येते तिथली गाळणी दाट किंवा लहान असली की खोलीत ओढ वाढते आणि दाराच्या फटींतून धूळ आत येते. उपाय सोपा आहे: हवा आत येण्याची जागा मोठी ठेवा. १२ इंची पंख्याचं तोंड साधारण ११३ चौरस इंच. समोरच्या जुन्या दिलहेदार दरवाजाचे दिलहे (चौकटीत बसवलेल्या फळ्या) काढून तिथे २० × २० इंचांच्या दोन चौकटी बसवल्या, म्हणजे ८०० चौरस इंच झाले. चौकटी उरलेल्या पट्ट्यांच्या, त्यात एसीवाल्यांकडे मिळतं ते फिल्टरचं जाड कापड, आणि ते आत ओढलं जाऊ नये म्हणून कोंबड्यांची जाळी. बाकी सगळ्या फटींना फोमची पट्टी.

स्पिरिटची बाटली खोलीत येण्याआधी उदबत्ती लावून तपासावं. धूर गाळणीकडून पंख्याकडे सरळ गेला पाहिजे. टेबलाजवळ घुटमळला तर टेबल सरकवा. पंख्याच्या अगदी तोंडाशी मात्र नको, तिथे थर भराभर सुकून ब्रशच्या रेघा राहतात. पंख्याचं बटण खोलीबाहेर.

उजेडाला छतावरची एक ट्यूब पुरत नाही. दोन्ही भिंतींवर ३ फुटांवर आडव्या एलईडी ट्यूब लावल्या. तिरप्या उजेडात ओघळ आणि सुटलेले ठिपके ओले असतानाच दिसतात.

आता बडोद्याचा खरा प्रश्न: पावसाळा. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि चपडा पांढुरका पडतो. वॉटर-बेस्ड थर लवकर सुकत नाही, चिकट राहतो. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर मी काम सुरू करत नाही. स्वस्त आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. हवाबंद डब्यात झाकणभर ओलसर मिठाशेजारी तो रात्रभर ठेवा. आकडा ७५ यायला हवा; जितका फरक, तितकी वजाबाकी किंवा बेरीज कायम लक्षात ठेवायची. मे महिन्यात उलट त्रास. ऊन चढलं की थर पसरायच्या आत सुकतो, म्हणून काम पहाटे. तेव्हा जमिनीवर पाणी शिंपडलं की धूळ दबते. पावसाळ्यात हे करू नये.

चपडा इथल्या लोकांना नवा नाही, जवळच्या संखेड्याचं लाखकाम सगळ्यांना ठाऊक आहे. १ लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडा भिजवतो. चपड्यातलं मेण तळाशी बसलं की वरचं निथळ घ्यायचं. मेणासकट लावला तर वरचा पीयू नीट धरत नाही. बाटलीवर तारीख हवीच, जुनं द्रावण सुकतच नाही. थरांमध्ये ३२० नंबरचा पेपर हलक्या हाताने, मग किंचित ओलं फडकं. सिलिकॉनचा स्प्रे खोलीत आणू नये, थराला गोल खड्डे पडतात.

कधी जवसाचं तेल वापरलंच, तर त्याची फडकी गोळा करून टाकू नयेत, ती आपोआप तापून पेटतात. बाहेर दोरीवर एकेक सुटी वाळवावीत, नाहीतर पाण्याच्या झाकणबंद डब्यात बुडवावीत.