पी0299 चा पिच्छा: बूस्ट गेला होता, पण टर्बोत नव्हे

मंडळी, माझ्या टर्बो गाडीला पी0299 (बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, कमी पडल्याचा कोड) छळत होता. आज तिसरा गिअर, 1800 आरपीएमपासून फुल थ्रॉटल, एसी चालू आणि स्कॅनरवर मॅप (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) 208 केपीए, म्हणजे किलोपास्कल! चेक इंजिनचा दिवा गप्प. विल्होळीच्या पुढे गाडी बाजूला घेऊन तो आलेख मी नुसता बघत बसलो.

आधीची रड अशी. ईसीयूची (इंजिनच्या संगणकाची) मागणी 210, मिळायचे जेमतेम 150, काही सेकंदांत पी0299 आणि गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला ताकद तोडलेली). चावी बंद-चालू केली की पुन्हा शहाण्यासारखी.

मॅप सेन्सरवर शंका घेणाऱ्यांसाठी: चावी ऑन, इंजिन बंद असताना 94-95 दाखवतो. नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर आहे, म्हणजे बरोबरच. मुंबईकरांनो, तुमच्या 101शी ताडून बघू नका, आणि बूस्ट काढताना 100 नाही, 95 वजा करा.

मग हवेच्या वाटेत गळती शोधायला प्रेशर टेस्ट. सातपूरच्या लेथवाल्याकडून नायलॉनची टोपी करून घेतली, तिच्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, पंपाने 1 बार हवा भरली आणि सगळीकडे साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) आउटलेटला फुगे! साधी जुबिली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) सिलिकॉन होजला कापते, हे माझं ठाम मत. तिथे टी-बोल्ट क्लॅम्पच हवा. तो लावला, 150चे 165 झाले. कोड मात्र परत आला.

आता गॅरेजवाले म्हणाले, टर्बोच गेला, कार्ट्रिज (त्याचा आतला फिरणारा भाग) बदला. पण शाफ्टला पुढे-मागे प्ले नाही, व्हेन्सचा (टर्बोतल्या हलत्या पात्यांचा) आर्म हँडपंपाने व्हॅक्यूम दिला की सरळ ओढला जातो आणि तिथेच धरून राहतो. अॅक्च्युएटरचा (तो आर्म ओढणाऱ्या डबीचा) डायफ्रॅम ठीक, व्हेन्स मोकळ्या. मग बूस्ट येईना का?

व्हॅक्यूम! आमच्या व्हीजीटीला (हलत्या व्हेन्सच्या टर्बोला) व्हॅक्यूम मिळाला तर व्हेन्स मिटतात आणि बूस्ट चढतो. नाही मिळाला तर उघड्याच राहतात. गाडी थंड असताना व्हॅक्यूम पंपाशी 24 इंच (पाऱ्याचे), सोलेनॉइडच्या (व्हॅक्यूम सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) पुढे, अॅक्च्युएटरशीही सगळं छान. हाच वैताग: बॉनेट उघडून मोजलं की गाडी निर्दोष. म्हणून टी-जॉइंट टाकून दोन लांब नळ्या केबिनमध्ये आणल्या, दोन गेज डॅशबोर्डला चिकटवले आणि भावाला शेजारी बसवून पाथर्डी फाट्यावरून हायवेला लागलो. इंजिन तापेपर्यंत दोन्ही सुया जोडीने हलत होत्या. मग पंपाकडची जागेवर आणि अॅक्च्युएटरकडची सरपटत, सावकाश वर. तेवढ्यात ईसीयूचा संयम संपला.

सोलेनॉइड अदलाबदल केला, फरक शून्य. उरली सोलेनॉइड ते अॅक्च्युएटर ही नळी. हीट शील्डच्या मागून जाणारा तिचा वीतभर तुकडा आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी पातळ सिलिकॉन ट्यूबने बदललेला. गरम असतानाच काढला आणि हँडपंप लावला, तर रसवंतीतली कागदी नळी शेवटी चिकटते तसा आतून चपटा होत होता. भोक कुठेच नाही, म्हणून प्रेशर टेस्टमध्येही कधी सापडला नसता.

इथल्या द्वारका चौकाच्या बाजूच्या दुकानात नवी नळी मागितली तर पेट्रोलचा पाइप पुढे केला. नको रे बाबा! अंबडच्या होजवाल्याकडे जाड भिंतीची, आत विणकाम असलेली व्हॅक्यूम होज मीटरवर मिळाली. दोन मीटर घेतली, किंमत चहा-मिसळीएवढी. ती बसवली आणि सुरुवातीला सांगितलेले 208 आले.

आता कार्ट्रिजचे वाचलेले पैसे कायमच्या बूस्ट गेजवर घालणार होतो. पण लिहिता लिहिता लॉग पुन्हा बघतोय: 1800च्या खाली मागणी आणि प्रत्यक्ष यांत अजून फट आहे. ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) पूर्ण मिटत नसेल का? गेज राहू दे. आधी ईजीआर काढून काजळी साफ करतो, नवीन गॅस्केट टाकतो, मग कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत घाट चढून लॉग घेतो. ब्लँकिंग प्लेट (ईजीआरची वाट कायमची बंद करणारी पत्री) सुचवू नका, बसवणार नाही. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरवाल्यांनी एवढं करा: आरपीएम, मॅप आणि थ्रॉटल एवढेच पीआयडी (स्कॅनरने वाचायचे आकडे) ठेवा, नाहीतर नमुने इतके विरळ येतात की असली सरपटणारी सुई दिसतच नाही.