सड्यावरचा हत्ती बघायचा तर

पाहुणे आले की थिबा पॅलेस, रत्नदुर्ग, गणपतीपुळे ही आमची रत्नागिरीकरांची ठरलेली फेरी. या हिवाळ्यात पुण्याहून मावसभाऊ आणि वहिनी आले, ते मात्र कातळशिल्पं, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं, बघायचीच म्हणून ठरवून. मलाही पेपरात वाचण्यापलीकडे फारसं माहीत नव्हतं, म्हणून म्हटलं चला, बघूच.

या शिल्पांच्या जागा खुल्या आहेत, याचा अर्थ तिथे फाटक, तिकीट, पहारेकरी असं काही नसतं. त्यामुळे सोपं असेल असं वाटतं आणि तिथेच गाडं अडतं. कातळशिल्पं सड्यावर आहेत, म्हणजे गावाच्या वरच्या उघड्या जांभ्याच्या पठारावर. सडा म्हणजे मैलोन्मैल एकसारखा काळपट दगड, मध्येच एखादं रायवळ आंब्याचं झाड आणि कोणाची तरी काजूची बाग. फोनवरचा नकाशा गावापर्यंत नेतो आणि पुढे एखाद्या गोठ्यासमोर उभं करतो. शिवाय बरीचशी जमीन खासगी मालकीची. म्हणून आम्ही एक नियम केला: आधी गावात गाडी लावायची, देवळाजवळ किंवा दुकानात विचारायचं आणि कोणी बरोबर येतो म्हणालं की नाही म्हणायचं नाही. यातच अर्धं काम होतं.

सुरुवात उक्षीपासून केली. रत्नागिरी तालुक्यातलं हे गाव, कोकण रेल्वेचं स्टेशनही आहे. इथे एकच हत्ती कोरलेला आहे आणि गावाने तो नीट सांभाळलाय. भोवती जांभ्याचा गडगा घातलाय, बघायला उंचवटा केलाय. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी, कारण आपण नेमकं काय शोधतोय हे डोळ्यांना इथे कळतं. चित्र दगडावर उठून दिसेल अशी अपेक्षा असते. असतं उलट. रेषा म्हणजे दगडात खोदलेली चर. चरीत माती, शेवाळाचे काळे डाग, वाळकं गवत. आणि आकार एवढा मोठा की जवळ उभं राहिलं तर फक्त चरच दिसते, हत्ती दिसत नाही.

आम्ही दुपारी बाराच्या सुमारास पोचलो होतो. गावातले एक आजोबा काठी टेकत आले, आमच्याकडे आणि मग आभाळाकडे बघून म्हणाले, "आत्ता काय दिसणार? उन्हं कलू देत जरा. चला घरी, कोकम घ्या." आम्ही गेलो. सरबत झालं, पोह्याचे पापड झाले, मुंबईतल्या नातवाचं कौतुक झालं. चार वाजून गेल्यावर परत आलो तर तोच दगड वेगळा होता. ऊन आडवं आलं की चरीच्या एका काठाची सावली आत पडते आणि रेष काळी होते. सोंड, कपाळ, पाठ, मग पाय अशी एकेक करत आकृती जुळत गेली. मावसभाऊ इंजिनिअर माणूस, त्याने पाठीची रेष एका बाजूने डोळ्यांनी लावून बघितली आणि म्हणाला, "ही एवढी लांब गोलाई वरून न बघता कशी काढली असेल?" याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडे असणार!

तेव्हापासून आम्ही सकाळी उन्हं कोवळी असताना किंवा संध्याकाळीच सड्यावर गेलो. मधल्या वेळात जेवण आणि देवळं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही काढला कशेळीला. पावस, पूर्णगड करत मुचकुंदीची खाडी ओलांडून राजापूर तालुक्यात शिरलं की गाव येतं. बहुतेक लोक इथे कनकादित्याच्या देवळासाठी येतात आणि देवघळीचा समुद्र बघून परततात. सड्यावरचा हत्ती अंदाजे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच, आणि त्याच्या पोटात छोटी छोटी चित्रं. वाघ, हरणासारखी जनावरं, मासे, पाकट असावी अशी एक चपटी आकृती. जमिनीवरची आणि पाण्यातली दोन्ही. वहिनी बोटाने दाखवत मोजू लागल्या आणि चाळिसाच्या पुढे नाद सोडला, कारण एकाची शेपटी कुठे संपते आणि दुसऱ्याचं तोंड कुठे सुरू होतं यावरून आमच्यात वाद लागला. चपला बाहेर काढून कडेकडेने फिरायचं. आत पाय टाकायचा मोह होतो, पण जांभा वरून कितीही टणक वाटला तरी त्याचे काठ झिजतात.

एक गोष्ट मात्र डोक्यात गेली. एका ठिकाणी (गावाचं नाव घेत नाही) कोणीतरी फोटोसाठी चरींमधून पांढरा खडू ओढून ठेवला होता, आणि तोही चुकीचा. प्राण्याला नसलेला पाय दिलेला! ज्यांना खडूशिवाय दिसत नाही त्यांनी सूर्य कलेपर्यंत थांबावं, इतकं साधं आहे.

हे सगळं कधीचं, हा प्रश्न प्रत्येक गावात निघतो. पांडवांनी एका रात्रीत काढलं हे उत्तर तर तयारच असतं. अभ्यासकांचा अंदाज मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे दहा हजार वर्षं किंवा त्याही मागे जातो. पण उघड्या जांभ्यावर कोरलेल्या रेषेत कोळसा किंवा हाड अडकलेलं नसतं, त्यामुळे कार्बनच्या पद्धतीने तिचं वय थेट काढता येत नाही. मग चित्रं काय सांगतात ते बघायचं. शेती दिसत नाही, नांगर दिसत नाही. हत्ती आणि एकशिंगी गेंडा मात्र आहेत, आणि गेंडा आज कोकणात कुठे आहे? मला हा युक्तिवाद पटतो. यातली बरीचशी शिल्पं उजेडात आणली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी, सडे अक्षरशः पायाखाली घालून, गुराख्यांना विचारत. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली कोकणातल्या नऊ जागा गेल्या: सात रत्नागिरी जिल्ह्यातल्या, एक सिंधुदुर्गातली, एक गोव्यातली.

देवाचे गोठणेला जाताना मावसभावाने खास होकायंत्र आणलं होतं. भार्गवरामाच्या देवळावरून सड्यावर चढायचं, वर एक माणसाची आकृती आहे. तिथे काटा बहकतो असं ऐकलं होतं आणि खरंच बहकला. आकृतीपाशी एक दिशा, बाजूला सरकलं की दुसरी. दगडातल्या चुंबकीय खनिजांचा परिणाम. कोरणाऱ्याने जागा त्यासाठीच निवडली असं काही लोक सांगतात, पण त्याच्याकडे होकायंत्र कुठलं असणार?

बारसूला घाईत गेलो. दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस, मोहेंजोदडोच्या एका मुद्रेची आठवण करून देणारा. २०२३ मध्ये रिफायनरीच्या आंदोलनामुळे हे नाव सगळीकडे गाजलं, त्याच सड्यावर ही आकृती आहे. उजेड कमी होत होता, फोटो चांगले आले नाहीत.

कोणाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात सडा निसरडा असतो, नंतर गुडघाभर गवत, आणि एप्रिलपासून कातळ तव्यासारखा तापतो. पाणी, टोपी आणि गावात विचारायला मोकळा वेळ घेऊन निघा. वाट दाखवायला जो येईल त्याला चहापाण्याला काहीतरी द्या, तो मागणार नाही. आमचं कुडोपी राहिलंय. ते मालवण तालुक्यात, एका दिवसात जाऊन येणं दगदगीचं, त्यामुळे मुक्कामाला जायचं ठरलंय, पुढच्या वर्षी गवत वाळलं की.