तळातून वर येताना

पाठीवर वजनाचा बार घेऊन खाली बसून उठायचे, म्हणजे स्क्वॉट करायचे; त्याच्या १४० किलोच्या शेवटच्या सेटमध्ये तळातून उठताना माझा खुबा छातीच्या आधी वर येतो, हे आजच्या चित्रणात अगदी स्वच्छ दिसले. सुरुवातीच्या रेपमध्ये (एकदा खाली जाऊन वर येणे म्हणजे एक रेप) दोन्ही एकाच वेगाने वर येतात. थकवा आला की मात्र गुडघे लवकर सरळ होऊ लागतात, खुबा मागे आणि वर निघून जातो आणि बार जवळजवळ आहे तिथेच राहतो. त्यानंतरचे सगळे काम कंबरेवर येऊन पडते. वजन उठते, पण मांड्यांनी जे करायचे ते पाठीने केलेले असते, आणि हे ओझे आणखी वाढले की तिथेच अडणार, हे सांगायला कोणी जाणकार लागत नाही.

माझ्या प्रशिक्षक सरांनी वर येण्याबद्दल काहीच न बोलता खाली जाणे पाहायला सांगितले. फोन बाजूने, खुब्याच्या उंचीवर ठेवलेला होता (तिरक्या कोनातून घेतलेल्या चित्रणावरून काहीही ठरवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे), त्यामुळे बार आणि पाऊल यांची रेषा नीट जुळवून पाहता आली. बार पाठीवर कुठेही असो, तो तळपायाच्या मध्यावरून सरळ खाली जायला हवा आणि त्याच वाटेने वर यायला हवा. माझा बार तळाच्या थोडा आधी बोटांकडे सरकत होता. चित्र तिथे थांबवून मोठे केले तेव्हा उजव्या बुटाची टाच हलकी झालेली दिसली. उचललेली नव्हती, पण तिच्यावरचा भार गेलेला होता. भार पुढे गेला की शरीर तोल सांभाळण्यासाठी खुबा मागे फेकते. म्हणजे उठताना दिसणारा दोष उतरतानाच तयार झालेला होता.

याचे मूळ माझ्या आधीच्या व्यायामातही असावे. सांगलीकडच्या तालमीत मी वर्षानुवर्षे बैठका मारल्या आहेत. बैठकेत खाली जाताना टाचा सुटतात, भार चवड्यांवर येतो, हात मागून पुढे झोकले जातात आणि त्या झोकाच्या लयीत माणूस शेकड्याने बैठका काढतो. त्या व्यायामाने गुडघ्यांना आणि दमाला जे दिले, त्याबद्दल मी आयुष्यभर कृतज्ञ राहीन. परंतु पाठीवर बार असताना चवड्यांवर जाण्याची मुभा नसते. अंगठ्याचा सांधा, करंगळीचा सांधा आणि टाच या तीनही ठिकाणी जमीन सारखी दाबलेली राहावी लागते. उंच टाचेचे बूट घेतल्यावर घोट्याची अडचण बरीच कमी झाली, कारण सुमारे दोन सेंटिमीटरच्या उंचीमुळे घोटा फारसा न वाकताही गुडघा पुढे जाऊ शकतो. तरी भार कुठे ठेवायचा हे बूट ठरवत नाही.

आजचा सर्वांत मोलाचा भाग श्वासाचा होता. मी श्वास घेत होतो तो छातीत, त्यामुळे खांदे वर चढत होते आणि बरगड्या पुढे उघडत होत्या. सरांनी बेल्ट काढायला लावला, कमरेच्या दोन्ही बाजूंना बोटे रोवली आणि म्हणाले, "माझी बोटे बाहेर ढकल." पोट पुढे काढून ती हलली नाहीत. श्वास खाली, कमरेच्या कडांपर्यंत भरून पोटाचे आणि पाठीचे स्नायू एकदम कसले, तेव्हा ती हलली. त्यानंतर बेल्ट बांधल्यावर प्रथमच कळले की त्याचा आधार आपोआप मिळत नाही. आतून दाब दिला तरच तो उलटा दाब देतो. स्पर्धेत चालणारा बेल्ट १० सेंटिमीटर रुंद आणि १३ मिलिमीटर जाड असू शकतो, पण श्वास वरच्या वर राहिला तर तेवढ्या चामड्याचाही उपयोग नाही.

मग वजन १०० किलोवर आणून तळाशी थांबायचे स्क्वॉट केले. खाली गेल्यावर दोन ते तीन सेकंद स्थिर राहायचे, श्वास सोडायचा नाही, पाठ सैल पडू द्यायची नाही आणि मगच उठायचे. थांबल्यामुळे तळातली उसळी संपते, आणि भार बोटांकडे गेला असेल तर त्याची जाणीव तिथेच होते, कारण त्या स्थितीत टिकून राहणेच कठीण जाते. उठताना सरांची एकच सूचना होती: पाठ बारमध्ये रेटायची. खुब्याचा विचार सोडून मी तेवढेच केले आणि छाती व खुबा बरोबरीने वर आले. मांड्या इतक्या हलक्या वजनाने इतक्या भाजल्या की १४० मध्ये त्या किती काम टाळत होत्या हे उघड झाले.

किती खाली जायचे, त्या खोलीच्या बाबतीत मी तडजोड करणार नाही. पॉवरलिफ्टिंग, म्हणजे स्क्वॉटचाही समावेश असलेला वजन उचलण्याचा खेळ; त्याच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार खुब्याच्या सांध्यापाशी मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली जायला हवा. तीन पंचांपैकी दोघांनी पांढरा दिवा दिला तरच प्रयत्न वैध, आणि खोली कमी पडल्याची खूण म्हणजे लाल कार्ड. अमेरिकी पॉवरलिफ्टर रे विल्यम्स यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबस येथे ४९० किलोचे स्क्वॉट केले, तेही याच मापाने. सरावात वजन वाढेल तशी खोली कमी करत जाणारे अनेकजण दिसतात आणि त्यांच्या मेहनतीकडे पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण जो तळ त्यांनी कधी गाठलाच नाही, तिथून उठण्याची ताकद स्पर्धेच्या दिवशी येणार कुठून?

पुढचे काही आठवडे सोमवारी थांबायचे स्क्वॉट आणि गुरुवारी नेहमीचे, असे ठरले आहे. गुरुवारचे वजन टाच जागेवर राहील तेवढेच वाढवायचे. प्रत्येक रेपपूर्वी गुडघे सरळ करून, बार पूर्ण स्थिर झाल्यावर, मुख्य पंचांच्या इशाऱ्याची वाट पाहावी तसे क्षणभर थांबायचे आणि श्वास नव्याने भरायचा. जिल्हा स्पर्धेत पहिला प्रयत्न किती किलोचा लिहून द्यायचा, हे गुरुवारची चित्रणे सरांबरोबर पाहून ठरवेन. आज तरी १५० च्या खालचाच आकडा माझ्या मनात आहे.