कालव्यात गेलेली जमीन आणि सात-बारावर नसलेला वाटेकरी

आमच्या शेतातून कालवा जाणार हे आम्हाला बांधावर रोवलेल्या खुंट्यांवरून कळलं. नोटीस त्यानंतर आली. पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातलं गाव, पाण्याची वाट पाहण्यातच पिढ्या गेलेल्या. त्यामुळे कालव्याला विरोध करायचं घरात कुणाच्या मनातही नव्हतं. पण या जमिनीवर कोणाकोणाचं पोट आहे हे कागदावर यावं, असं आईला आणि मला मनापासून वाटत होतं.

सात-बारावर अजून आजोबांचंच नाव होतं. ते आणि वडील दोघेही गेलेले. भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्यातली कलम 11 ची अधिसूचना निघाली की जमिनीचे व्यवहार थांबतात आणि नोटिसा सात-बारावरच्या नावाने निघतात. म्हणून खुंट्या दिसताच आम्ही तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला आणि दोन्ही आत्यांची नावं लावून घेतली. भावकीतून सल्ला आला, की आत्यांकडून हक्कसोडपत्र करून घ्या. आईने तो विषय तिथेच संपवला. बापाच्या जमिनीत लेकींचा वाटा असतो, आणि जमीन जाताना तर तो आधी द्यायला हवा, हे तिचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

पुढे संयुक्त मोजणी, म्हणजे सरकारी खात्यांनी मिळून जागेवर केलेली मोजणी. लोक निवाड्याच्या, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाच्या दिवसाकडे डोळे लावून बसतात, पण निवाड्यातला आकडा ठरतो तो मोजणीच्या पंचनाम्यावरून. फळझाडांचं मूल्यांकन कृषी विभाग करतो, बाभूळ-कडुनिंबाचं वन विभाग, बांधकामाचं सार्वजनिक बांधकाम विभाग. पंचनाम्यात जे लिहिलं नसेल त्याचं मूल्यांकन कोणीच करत नाही. डाळिंबाची नोंद आम्ही ई-पीक पाहणीत आधीच केली होती, झाडांचे फोटोही काढून ठेवले होते. तरीही पंचनाम्याच्या कच्च्या प्रतीत जमिनीखालची पाइपलाइन आलेलीच नव्हती. ती दाखवून जागेवरच लेखी हरकत दिली आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. दुसरी गोष्ट म्हणजे कालवा शेताच्या मधून जात होता, विहीर अलीकडे आणि एक पट्टा पलीकडे राहणार होता. जमीन अशी तुटल्याने होणारं नुकसानही मोबदल्यात धरायचं असतं, कलम 28 मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. कार्यालयातून ते आपणहून कोणी सांगितलं नाही.

दराबाबत थोडक्यात. रेडीरेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर एकीकडे आणि आसपासच्या जमिनींच्या मागच्या 3 वर्षांच्या खरेदीखतांपैकी वरच्या दराच्या निम्म्यांची सरासरी दुसरीकडे, यांत जो जास्त तो धरतात. त्याला ग्रामीण भागासाठी ठरलेल्या गुणकाने गुणायचं, वर झाडं-विहिरींची किंमत आणि या सगळ्यावर 100 टक्के दिलासा रक्कम. गोची अशी, की आमच्याकडे बरीच खरेदीखतं रेडीरेकनरच्याच आकड्यावर होतात, मग सरासरीही तिथेच घुटमळते. आम्हाला दर कमी वाटला. तरी पैसे उचलले, पण ‘हरकत राखून’ असं लिहून देऊनच. तसं न लिहिता पैसे घेतले तर कलम 64 खाली वाढीव मोबदला मागायचा हक्कच जातो. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर त्या अर्जाला मुदत फक्त 6 आठवडे.

आता आमच्या वाटेकरी काकांबद्दल. वडील गेल्यापासून शेत तेच करतात, अर्ध्या वाट्याने, सगळं तोंडी. 2013 च्या कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. संपादनाआधी 3 वर्षं त्या भागात राबणारे शेतमजूर आणि वाटेकरीही त्यात येतात, त्यांचं पोट मुख्यतः त्या जमिनीवर असेल तर. त्यांना नोकरी, एकरकमी 5 लाख रुपये किंवा 20 वर्षं महिना किमान 2000 रुपये, यांतला एक पर्याय कायदा देतो. 1894 च्या जुन्या कायद्यात अशा माणसाच्या पुनर्वसनाचा विचारच नव्हता.

पण काका शेत करतात याचा पुरावा कुठून आणायचा? 1948 च्या कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 ला दुसऱ्याची जमीन कसणारी कुळं मालक झाली, तेव्हापासून वाट्याचा व्यवहार कागदावर आणायला मालक धजावत नाही. आम्ही प्रतिज्ञापत्र करायचं ठरवलं तेव्हा चुलत्यांनी बजावलं, “लिहून द्याल आणि उरलेल्या रानात तो कूळ लागेल.” आई म्हणाली, “जे खरं आहे ते लिहायला भ्यायचं कशाला?” तिने सही केली. ग्रामपंचायतीचा दाखला, काकांच्या नावावरच्या खताच्या पावत्या आणि बाजार समितीतल्या डाळिंबाच्या विक्रीच्या पट्ट्या जोडल्या.

बाधित कुटुंबांच्या यादीत काकांचं नाव आलं नाही. सात-बारावर नाव नाही, एवढंच कारण तोंडी सांगितलं गेलं. आम्ही ते लेखी मागितलं. कलम 64 चा अर्ज ‘हितसंबंधित व्यक्ती’ला करता येतो आणि जमिनीवर ज्याची उपजीविका आहे तोही कायद्याच्या व्याख्येत बसतो, हे वकिलांनी दाखवल्यावर काकांनी पुनर्वसनाच्या हक्कासाठी स्वतःच्या नावाने अर्ज केला. आमचा अर्ज दराचा, त्यांचा पोटाचा. दोन्ही मुदतीत दाखल झालेत, सुनावणी व्हायची आहे. कागद लागलाच तर आई पुन्हा साक्ष द्यायला तयार आहे.