आमची वाटचाल : चादरीच्या गावात सोड्याचा धंदा

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, टॉवेल आठवतो, नाहीतर शेंगाचटणी. पण त्या चादरीचं सूत रंगवायला कॉस्टिक सोडा न् सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, लागतो आणि आमचं घर त्याच्यावर चालतंय म्हटलं की पाहुणे बघतच राहतात. दुकान आण्णांनी सुरू केलं, तेव्हा रंग, मीठ, हायड्रोस (सोडियम हायड्रोसल्फाइट), टर्की रेड ऑइल असं सगळंच थोडं थोडं ठेवायचे. पुढं मिला बंद पडत गेल्या, काम पॉवरलूमवर आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या डाइंगवाल्यांकडं, म्हणजे सूत रंगवणाऱ्यांकडं गेलं, तसे आम्ही पण दुकानातनं गोडाऊनवर आलो आणि हळूहळू अल्कलीवालेच झालो.

अल्कली म्हणजे काय ते आण्णा हळदीवर दाखवायचे. चिमूटभर हळद पाण्यात, त्यात सोड्याचे दोन थेंब, लगेच लालभडक. हळद लागलेल्या शर्टावर साबण लावला की डाग लाल होतो ना, तेच ते, कारण साबण पण अल्कलीचाच. आपल्या पंढरपूरचं हळदीचं कुंकू पण याच गुणावर लाल होतं. पुस्तकात पीएच सातच्या वर वगैरे दिलेलं असतं, ते बरोबरच आहे, पण गिऱ्हाईकाला हळद लवकर समजते. खायचा सोडा मवाळ, सोडा ॲश त्याच्यापेक्षा कडक आणि कॉस्टिक म्हणजे सगळ्यांचा बाप.

आता सुताचं सांगतो. कापसाला नैसर्गिक मेण असतं त्यामुळं कोरं सूत पाणी पीतच नाही, वर थेंब टाका, मोत्यासारखा बसून राहतो. कॉस्टिकच्या पाण्यात उकळलं की मेण सुटतं आणि मग तोच थेंब टाकल्याबरोबर गडप. नवा टॉवेल पाणी टिपत नाही अशी तक्रार असते ना, बऱ्याचदा ही उकळणी नीट झालेली नसते नाहीतर वरनं सॉफ्टनर जास्त मारलेला असतो. रिॲक्टिव्ह रंगाला आधी मीठ, मग सोडा ॲश, सोड्याशिवाय तो रंग सुताला धरतच नाही. व्हॅट रंग तर पाण्यात विरघळतच नाही, त्याला कॉस्टिक न् हायड्रोस दोन्ही पाहिजे, लडी बाहेर काढली की भलत्याच रंगाची दिसते आणि हवा लागली की डोळ्यादेखत मूळ रंगावर येते. इतकी वर्षं बघतोय तरी मी अजून थांबून बघतो. सुताला मर्सराइजची चमक येते ती पण कडक कॉस्टिकनंच, कडक कॉस्टिकनं सूत बदलतं हे जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाला 1844 मध्ये सापडलं, चमक मात्र पुढं सापडली.

धंद्यात आमचं नाव झालं ते मात्र भावामुळं नाही. एका व्यापाऱ्याकडनं यायचे ते कॉस्टिकचे फ्लेक्स, म्हणजे पातळ पापुद्रे, दिसायला पांढरेशुभ्र, पण रंगारी म्हणायचे, मालक, तुमचा माल मऊ पडायलाय. कॉस्टिकची गंमत अशी की उघडं राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढतं, कार्बन डायऑक्साइड पण ओढतं आणि वरच्या वर त्याचा सोडा ॲश होत जातो, म्हणजे पोतं वजनाला वाढतं आणि आतला कस कमी होतो. काट्यावर हे कळणार कसं? मग मी एक ब्युरेट (थेंब थेंब मोजून सोडायची नळी), फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारं औषध) आणि मापाचं ॲसिड आणून टेबल मांडलं. किती ॲसिडवर गुलाबी रंग उडतो, म्हणजे मालात कस किती, ते गिऱ्हाईकासमोर दाखवायचं आणि मगच बिल करायचं. आण्णा म्हणाले दुकानात शाळा कशाला काढलीस, पण डाइंगवाले स्वतःचीच पोती तपासायला आणायला लागले आणि जाताना आमचा माल घेऊन जायला लागले. तो व्यापारी आम्ही सोडला.

दुसरं म्हणजे वापर शिकवणं. आधी पाणी, मग त्यात थोडे थोडे फ्लेक्स, उलटं कधीच नाही, कारण विरघळतानाच पाणी इतकं तापतं की उसळून अंगावर येतं. ड्रम लोखंडी चालेल, जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं बिलकुल नाही, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवत राहायचं आणि थेट दवाखाना, लिंबू-व्हिनेगरचे उपाय करायचे नाहीत. म्हणूनच मोरी तुंबली, पावशेर कॉस्टिक द्या म्हणून कोणी आलं तर आम्ही सुटं देत नाही, रागावले तरी चालेल.

बाकी गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं. साबणवाले येतात, पापडवाल्या बायका पापडखार विचारतात, त्यांना सरळ किराणा दुकान दाखवतो, खायची वस्तू आमच्या गोडाऊनमधनं न्यायचीच नाही. मंगळवेढ्याकडचे एक शेतकरी चोपण जमिनीवर काय टाकू म्हणून आले होते, त्यांना म्हटलं काका, तिथं आधीच अल्कली जास्त झालीय, माती तपासा आणि जिप्समचं विचारा. विक्री गेली, पण खोटं कशाला बोलायचं?

आता सांडपाण्याचे नियम कडक झालेत, डाइंगवाल्यांना पीएच 6.5 ते 8.5 च्या बाहेरचं पाणी नदी-नाल्यात सोडता येत नाही, त्यामुळं कॉस्टिकबरोबर पीएच खाली आणायला ॲसेटिक ॲसिड पण आम्हीच देतो. काही जण उकळणीला एन्झाइम मागायलेत, पाणी न् वाफ दोन्ही वाचतं म्हणतात, त्याचे कॅन मागवून ठेवलेत. मुलगी केमिस्ट्री करतीय, टेबल सध्या तिच्याकडं आहे आणि आण्णांना आता तीच हळद दाखवून पीएच समजावत असते.